पिंपाचा भाव आणि पंपावरची रांग

तेल आयात करणाऱ्या छोट्या देशावर संशोधन करायचं ठरलं, की आराखडा जवळजवळ तयारच असतो. एका बाजूला ब्रेंट तेलाचा भाव, दुसऱ्या बाजूला जीडीपी, महागाई, आयातीचे आकडे. रिग्रेशन चालवायचं आणि लिहायचं : भाव वाढला, अर्थव्यवस्था घसरली. माझा पहिला आराखडा हुबेहूब असाच होता, विषय श्रीलंका. म्हणून ही टीका आधी माझ्यावर आहे, मग या पद्धतीवर.

या पद्धतीचं गृहीतक असं : देश छोटा, त्याच्या खरेदीने जगाचा भाव हलत नाही, म्हणून भाव हा ‘बाहेरून आलेला’ घटक. इथपर्यंत बरोबर आहे. चूक पुढच्या पायरीवर होते. भाव थेट लोकांपर्यंत पोचतो असं आपण धरून चालतो. मधे एक संस्था बसलेली असते, तिचं समीकरणात नावही नसतं.

श्रीलंकेत ती संस्था म्हणजे 1961 च्या कायद्याने स्थापन झालेलं सिलोन पेट्रोलियम कॉर्पोरेशन. तिच्या इतिहासातले दोनच प्रसंग बघा.

पहिला 2008 चा. जुलैमध्ये तेल पिंपामागे 147 डॉलरपर्यंत गेलं आणि डिसेंबरात 40 च्या खाली आलं. समीकरणाच्या हिशेबाने आयातदाराची दिवाळी! पण महामंडळाने बँकांशी हेजिंगचे करार केले होते. भाव चढला तर मर्यादित संरक्षण, आणि ठरलेल्या पातळीखाली उतरला तर बँकांना पैसे मोजायचे. म्हणजे स्वस्ताई आली आणि महामंडळ अडचणीत आलं. प्रकरण कोर्टात गेलं, पुढे आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत.

दुसरा 2021-22 चा. सपुगस्कंदची रिफायनरी ही देशातली एकमेव, 1969 पासूनची. नोव्हेंबर 2021 मध्ये ती बंद ठेवावी लागली, कारण कच्चं तेल घ्यायला डॉलर नव्हते. तेव्हा भाव 80 डॉलरच्या आसपास होता. 2012 मध्ये ब्रेंटची वर्षभराची सरासरी 110 च्या वर होती, तरी देश असा ठप्प झाला नव्हता. फरक गंगाजळीत होता. 2019 च्या अखेरीस ती साडेसात अब्ज डॉलरच्या वर होती. मे 2022 मध्ये वापरता येण्याजोगी रक्कम 5 कोटी डॉलरही उरली नाही. युक्रेन युद्धाने भाव भडकले हे खरं, पण घर आधीच पोखरलेलं होतं.

आता मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट. अशा अभ्यासांत आयातीचा आकडा ‘मागणी’ म्हणून वापरतात. जून 2022 च्या अखेरीस सरकारने अत्यावश्यक सेवा सोडून बाकीच्यांना इंधनविक्रीच थांबवली. जुलैत क्यूआर कोडवर रेशनिंग आलं. आयात घटली, म्हणून आपला तक्ता सांगणार ‘मागणी घटली’. त्याच वर्षी मार्चमध्ये इंधनाच्या रांगेत ताटकळून म्हातारी माणसं दगावल्याच्या बातम्या आल्या होत्या. ज्याला तेल मिळालंच नाही त्याची गरज आपण शून्य धरली! ही निव्वळ तांत्रिक चूक म्हणून सोडून देता येत नाही. असा निष्कर्ष धोरणात गेला, तर पुढच्या वेळी कोटा त्याच आकड्यावर ठरेल.

‘मग रिग्रेशन करायचंच नाही का?’ असं विचाराल. जरूर करा. भावाच्या मालिका सहज उतरवता येतात, तुलना सोपी होते, आणि दीर्घकाळाचा कल त्यातूनच दिसतो. पण आराखडा गाईडकडे नेण्याआधी तीन गोष्टी एका कागदावर लिहा. तेल कोण विकत घेतं? पैसे कोणत्या चलनात आणि कुठून येतात? पंपावरचा भाव कोण ठरवतं? मग ज्या महिन्यांत विक्रीवर बंधनं होती, त्यांवर खूण करा आणि तिथल्या आकड्याला ‘मागणी’ म्हणू नका, ‘पुरवठा’ म्हणा.

माझ्या आराखड्यात हा एक शब्द बदलला आणि अर्धं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. तुमच्यावर ती वेळ सिनॉप्सिसच्या आधीच यावी, एवढीच इच्छा.