भूपेन खख्खर यांचे तीन पुरुष

मराठी व्याकरणात 'पुरुष' या संज्ञेने बोलणारा, ज्याच्याशी बोलावयाचे तो आणि ज्याच्याविषयी बोलावयाचे तो, असे तिघे दाखविले जातात. या संज्ञेचा नर-नारीभेदाशी संबंध नाही, हे नवख्या विद्यार्थ्यास मुद्दाम सांगावे लागते. चित्रकार भूपेन खख्खर (१९३४-२००३) यांच्या चित्रांची शीर्षके कालक्रमाने वाचू लागले म्हणजे मात्र ही फारकत टिकविणे कठीण होऊन बसते. चित्रकलेची समीक्षा हे प्रस्तुत लेखकाचे क्षेत्र नव्हे. परंतु शीर्षक ही भाषिक रचना असल्यामुळे तिच्यापुरते बोलण्याचा अधिकार भाषाभ्यासकास आहे, असे आम्ही समजतो.

खख्खर मूळचे गिरगावचे. त्यांचे बालपण खेतवाडीत एका गुजराती कुटुंबात गेले. वडिलांना मराठी येत असे, आईला केवळ गुजराती. वडील वारले तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. पुढे हा मुलगा सनदी हिशेबनीस झाला, जे. जे. कलाशाळेच्या सायंवर्गांना जाऊ लागला आणि १९६२ साली बडोद्यास गेला. तेथेही त्याने हिशेबनिसाची अर्धवेळ नोकरी दीर्घकाळ चालू ठेवली. १९६५ साली जहांगीर कलादालनात त्याचे पहिले एकल प्रदर्शन भरले. देवादिकांच्या बाजारी छापील तसबिरी कापून-चिकटवून केलेली ती चित्रे होती. तसबिरींची ही दुनिया गिरगाव-भुलेश्वरच्या वाचकास अपरिचित नाही. खख्खर यांनी गुजरातीत कथा आणि नाटकही लिहिले, पण चित्रांची नावे ते बहुधा इंग्रजीत ठेवीत. ही इंग्रजी साहेबाची नव्हे. कचेरीतल्या पत्रव्यवहाराची, दुकानाच्या पाटीची इंग्रजी होय.

१९७०च्या दशकातील शीर्षके पाहावीत. 'मॅन लीव्हिंग', उपशीर्षक 'गोइंग अब्रॉड' (१९७०). 'मॅन ईटिंग जलेबी'. 'मॅन विथ बुके ऑफ प्लास्टिक फ्लॉवर्स'. 'मॅन इन पब' (१९७९). एक माणूस परदेशी निघाला आहे, एक जिलबी खात आहे, एकाच्या हाती प्लॅस्टिकची फुले आहेत, एक दारूच्या गुत्त्यात बसला आहे. जोडीला घड्याळजी, न्हावी, शिंपी आणि 'असिस्टंट अकाउंटंट मिस्टर आय. एम. पटेल' आहेतच. सर्वत्र तृतीय पुरुष. मध्यमवर्गीयांच्या दैनंदिन जीवनाकडे उपरोधाने पाहणारी ही चित्रे, असे त्यांचे वर्णन सामान्यतः केले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. स्वतः पुरुषांवर प्रेम करणारा आणि आईच्या हयातीत त्याविषयी मौन पाळणारा हा कलावंत तृतीय पुरुषाच्या आडोशाला बसून पाहत होता. भारतीय दंडसंहितेच्या ३७७व्या कलमाची छाया या आयुष्यावर अखेरपर्यंत राहिली. सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते कलम निष्प्रभ केले २०१८ साली. तोवर खख्खर यांना जाऊन पंधरा वर्षे लोटली होती.

'माणूस' या शब्दाची गंमत येथे आठवते. प्रमाण मराठीत तो पुल्लिंगी असला, तरी बोलीत 'ते माणूस चांगले आहे' असे नपुंसकलिंगी रूप सर्रास ऐकू येते. लिंग झाकावयाचे असले तर मराठी माणूस 'कोणीतरी आले होते' असेही म्हणतो. भाषेत असे पडदे पुष्कळ असतात, आणि ज्यांना गरज पडते ते ते चांगलेच ओळखून असतात.

'मॅन इन पब' हे चित्र १९७९ सालच्या इंग्लंडमधील मुक्कामाचे आहे. आपल्याकडील प्रवासवर्णनांच्या परिपाठाप्रमाणे या प्रवासातून बर्फ, पूल, वस्तुसंग्रहालये यांची वर्णने निघावयाची. खख्खर यांना तेथे दिसला तो पेल्यापुढे बसलेला एकटा माणूस, आणि लहान चौकटींतून त्याच्या एकाकी दिनक्रमाचे तुकडे. प्रवासाला निघालेल्या मनुष्याने परक्या देशातही दुसऱ्याचे घरच तेवढे पाहावे, ही दृष्टी आमच्या प्रवासलेखकांत विरळा आहे. शिवाय पुरुषांची जोडपी लपून न राहता नांदू शकतात, हेही त्यांनी तेथे पाहिले.

१९८० साली आई वारली. १९८१ मधील चित्राचे शीर्षक आहे, 'यू कान्ट प्लीज ऑल'. एक विवस्त्र पुरुष आपल्याकडे पाठ करून सज्जात उभा आहे आणि खालच्या गावात बाप, मुलगा व गाढव यांची आपणां सर्वांस शाळेपासून ठाऊक असलेली गोष्ट चालली आहे. येथे 'यू' हा द्वितीय पुरुष प्रथमच प्रवेश करतो, पण अद्याप तो कोणालाच उद्देशून नाही. मराठीत हे वाक्य सहज उतरविले तर 'सगळ्यांना खूश ठेवता येत नाही' असे होईल आणि सर्वनाम गळूनच जाईल. १९८३च्या 'माय डिअर फ्रेंड'मध्ये षष्ठीच्या रूपाने 'मी' येतो. आणि १९९४ साली, वयाच्या साठीत, पूर्ण वाक्य उच्चारले जाते : 'हाउ मेनी हॅण्ड्स डू आय नीड टु डिक्लेअर माय लव्ह टु यू?' मी आणि तू, दोघेही एका वाक्यात. नोकरदार मनुष्य ज्या वयात कार्यनिवृत्त होतो, त्या वयात या चित्रकाराचा प्रथम पुरुष कामावर रुजू झाला!

ही रेषा सरळ नाही, हे मान्य केले पाहिजे. १९८२चे 'टू मेन इन बनारस' तृतीय पुरुषातच आहे. तथापि त्याचे स्थळ लक्षणीय वाटते. मराठी मनाला काशी म्हणजे उतारवयाची यात्रा. संसार आटोपल्यावर जावयाचे ठिकाण. कीर्तनांत, चरित्रांत, घरोघरच्या आठवणींत काशीस गेलेला वृद्ध म्हणजे पाश सोडवू लागलेला वृद्ध. खख्खर यांच्या काशीत दोन विवस्त्र पुरुष एकमेकांच्या मिठीत उभे आहेत आणि भोवती देवळे, साधू, भाविक यांचा नित्यव्यवहार चालला आहे. या चित्रात पावित्र्याची विटंबना पाहणाऱ्यांनी हा भोवताल पुन्हा पाहावा : कोणीही दचकलेले नाही. तीर्थक्षेत्री जाऊन देह टाकावयाचा असतो. येथे तो सापडला आहे.

या प्रश्नाचे खरे केंद्र १९८७चे 'ययाति' हे चित्र होय. मराठी वाचकाला ययाति म्हटले की वि. स. खांडेकर आठवणारच. त्यांची कादंबरी १९५९ साली निघाली, तेव्हा त्यांचे वय एकसष्ट होते. तिला १९७४ साली ज्ञानपीठ पारितोषिक मिळाले. पुत्राचे यौवन मागून घेणारा राजा खांडेकरांना आधुनिक मनुष्याच्या अतृप्त भोगलालसेचे प्रतीक वाटला आणि त्याच्यासमोर त्यांनी संयमी कचाला उभे केले. कादंबरीच्या गुणदोषांची चर्चा येथे प्रस्तुत नाही. तिचे नैतिक गृहीतक मात्र मराठी संस्कृतीत खोल रुजले आहे : वार्धक्यातील वासना एकतर हास्यास्पद, नाहीतर भयंकर. आमच्या प्रहसनांतील म्हाताऱ्या नवरदेवापासून निवृत्तीवरील ललित लेखांपर्यंत हेच सूत्र आढळते. बाग, नातवंडे, सकाळचा फेरफटका, गीतापठण यांना परवानगी आहे. स्पर्शाला नाही.

खख्खर यांच्या चित्रात एक पंख असलेला तरुण देह खाली पडलेल्या वृद्धावर अवतरतो. येथे लूट नाही, दान आहे. आणि दान घेणाऱ्याला त्याची लाज वाटत नाही. पितापुत्रांची कथा प्रियकरांच्या कथेत रूपांतरित केली गेली, हे कित्येकांना अप्रशस्त वाटेल. आम्हांला मात्र वाटते की मूळ कथेतील एक न विचारलेला प्रश्न येथे विचारला गेला आहे. वृद्धाला यौवन हवे असते ते भोगासाठीच कशावरून? कोणीतरी आपल्या देहाजवळ यावे, एवढ्याचसाठीही ते हवे असू शकते. ज्याला रूढ अर्थाने बायको-मुले नाहीत, ज्याला कोणत्याही कार्यात 'आमचे हे' म्हणून कोणी ओळख करून देत नाही, त्या वृद्धाच्या बाबतीत तर हा प्रश्न तत्त्वचर्चेचा राहतच नाही. संध्याकाळी दिवा लावल्यावर घरात दुसरे कोण आहे, एवढाच तो असतो.

आता १९९४च्या शीर्षकाच्या भाषांतराकडे वळू, कारण आमची अडचण तेथेच उघडी पडते. इंग्रजी 'यू' वय, दर्जा, जवळीक यांतले काहीच सांगत नाही. मराठीत निवड करणे भाग आहे. दोन वृद्ध पुरुष बालमित्र असले तर 'अरे-तुरे' करतील, ओळखीचे असले तर 'अहो-जाहो'. त्या पिढीतला नवरा बायकोला 'तू' म्हणे आणि ती त्याला 'अहो'. समवयस्क, समान आणि प्रेमात असलेल्या दोघा म्हाताऱ्यांसाठी आमच्या संबोधनव्यवस्थेने जागा राखून ठेवलेली नाही. ती त्यांनी स्वतःच पाडावी. 'तुझ्यावरचे माझे प्रेम सांगावयास मला किती हात लागतील?' असे आम्ही करून पाहिले. 'तू' पत्करला, कारण 'तुमच्यावरचे' म्हटले की वाक्य अर्जासारखे वाटू लागते. यात एक आश्चर्य हाती लागले. 'मी प्रेम करतो' म्हणताच बोलणाऱ्याचे लिंग उघड होते. 'माझे प्रेम' या नपुंसकलिंगी नामाच्या आश्रयाने मात्र बोलणारा आणि ऐकणारा दोघेही व्याकरणाच्या पहाऱ्यातून सुटतात. आडोसा तोच, पण आता त्यामागून थेट कोणाला तरी हाक मारली जात आहे.

लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये २०१६ साली खख्खर यांचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा 'गार्डियन'च्या परीक्षकाने ते दुय्यम ठरविले होते. रेखाटनाच्या कसाविषयी मतभेद असू शकतो. पण ज्याला ही कचेरीची इंग्रजी आणि तिच्याखाली दडलेली खेतवाडी ऐकू येत नाही, त्याने निम्मे चित्र पाहिले नाही, असे आम्ही म्हणू.

अखेरच्या वर्षांत कर्करोगाने देह पोखरला. १९९९च्या चित्राचे नाव 'ॲट द एण्ड ऑफ द डे द आयर्न इन्गॉट्स केम आउट', २००१चे 'बुलेट शॉट इन द स्टमक'. दिवसअखेर लोखंडाच्या लगडी बाहेर आल्या, पोटात गोळी. कोणाच्या, हे सांगितलेले नाही. 'मी' नाही, 'तू' नाही, पहिला 'माणूस'ही परत आलेला नाही; उरले आहे ते पोट, आणि दिवसअखेरचा हिशेब.