आळवकसुत्त : जय की मैत्री?

जयमंगल अट्ठगाथेतील दुसरी गाथा महाराष्ट्रातील बौद्ध विवाहविधीत आपण ऐकतो. मारापेक्षाही उग्र अशा ताठर आळवक यक्षाशी रात्रभर झुंजून भगवंतांनी त्यास क्षांतीने जिंकले, असा तिचा आशय. 'खन्ति' हा शब्द यथार्थच आहे. परंतु झुंज आणि जय यांच्या चौकटीमुळे मूळ सुत्त झाकोळले गेले, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

सुत्तनिपाताच्या उरगवग्गात व संयुत्तनिकायाच्या यक्खसंयुत्तात आलेल्या या सुत्तात झुंज नाहीच. यक्षाच्या परिवाराचाही उल्लेख नाही. आहे ते त्याचे भवन, त्याची राखण करणारा तो, आणि आत बसलेला एक श्रमण. यक्ष 'बाहेर नीघ' म्हणतो, भगवंत निघतात. 'आत ये' म्हणतो, येतात. असे तीनदा घडते. चौथ्या वेळी मात्र ते शांतपणे नकार देतात. दोन्ही प्रसंगी संबोधन एकच : 'आवुसो'. आज्ञापालनात भय नाही आणि नकारात रोष नाही, हे यक्षास येथे प्रथम दिसते. हृदय फाडण्याची, पाय धरून गंगेपार फेकण्याची धमकी तो देतो खरी, पण ती प्रश्न विचारण्यापूर्वीची धमकी आहे. विचारायचे असते म्हणूनच तो धमकावतो.

अट्ठकथेने येथे वादळे, शस्त्रवृष्टी, नरबळीची कथा असा मोठा पसारा मांडला आहे. त्यातील बराचसा भाग सुत्तास भारभूत होतो. एक तपशील मात्र अमोल आहे : यक्षाच्या मातापित्यांनी कस्सप बुद्धांकडून मिळालेले प्रश्न उत्तरांसह त्यास शिकविले होते, कालांतराने उत्तरे विसरली, तेव्हा त्याने प्रश्न सुवर्णपत्रावर लिहवून भवनात जपून ठेवले. अर्थ हरपलेल्या प्रश्नांचा हा पहारेकरी!

त्याचे प्रश्नही पाहावेत. श्रेष्ठ धन कोणते, या प्रश्नास उत्तर मिळते : श्रद्धा. पुढे प्रज्ञा, धन व कीर्ती यांच्या जोडीला तो विचारतो, मित्र कसे जोडावेत? मुळातील 'गन्थति' या क्रियापदाचा अर्थ गाठ बांधणे. आपला 'गाठ' हा शब्द त्याच कुळातला. उत्तर एका शब्दाचे आहे : दानाने. बळी घेणाऱ्यास दिलेले हे उत्तर आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे अट्ठकथेतील नरबळीची कथाही अगदीच निरर्थक राहत नाही.

याहून महत्त्वाचे असे की, भगवंत त्याच्याकडे विश्वास मागत नाहीत. सत्य, दम, त्याग व क्षांती यांहून श्रेष्ठ काही आहे काय, हे इतर श्रमण-ब्राह्मणांनाही विचारून पाहा, असे ते सुचवितात. आता इतरांना कशास विचारू, असे यक्ष म्हणतो, ते ही मोकळीक मिळाल्यानंतर. जिंकलेल्यास अशी मोकळीक कोणी देत नाही.

सुत्ताच्या अखेरीस भवनाचा हा राखणदार गावोगावी, नगरोनगरी बुद्धास व धम्मास वंदन करीत फिरेन असे म्हणतो. विवाहप्रसंगी गाथेबरोबर त्याचा तो मित्रांविषयीचा प्रश्नही उपस्थितांना मराठीत सांगितला जावा, अशी आमची भिक्खुसंघास व बौद्धाचार्यांस विनंती आहे.