खांद्यावरील वस्त्र आणि वेशेतिहासाची साधने

भारतीय वेशभूषेच्या अभ्यासात गो. स. घुर्ये यांच्या 1951 मधील ‘इंडियन कॉश्च्यूम’ ह्या ग्रंथाचे स्थान मोठे आहे. शिल्प, चित्र व वाङ्मय यांची सांगड घालून वस्त्रप्रकारांचा विचार करण्याची जी वाट त्यांनी व मोतीचंद्र यांनी आखली, तिचे ऋण मान्य करूनही मान व खांदे झाकणाऱ्या वस्त्रांच्या बाबतीत ती कोठे अपुरी पडते, हे पाहणे अगत्याचे आहे.

शिल्पात वस्त्राची ठेवण दिसते, सूत दिसत नाही. खांद्यावरून सोडलेला पट्टा सुती की लोकरीचा, हे पाषाण सांगत नाही. कोशाची अडचण निराळी. अमरकोशात प्रावार, उत्तरासंग, बृहतिका, संव्यान व उत्तरीय ही नावे पर्याय म्हणून एकत्र येतात. त्यामुळे नावे पाच व वस्तू एकच, असा समज होतो. मराठीचा व्यवहार याविरुद्ध साक्ष देतो. उपरणे, शेला व घोंगडी ही तिन्ही खांद्यावरचीच वस्त्रे होत. तथापि घोंगडीस उपरणे कोणी म्हणत नाही. येथील भेद केवळ आकाराचा नसून धाग्याचा, प्रसंगाचा व श्रमाचा आहे. मंगलकार्यातील शेला शोभेसाठी असतो. पावसात घोंगडीची खोळ करून डोके व खांदे झाकणाऱ्या धनगराचे ते छप्परच असते.

याच जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक ग्रंथात तगराहून भडोचला जाणाऱ्या मालात साधे कापड व तलम कापड यांचा निरनिराळा निर्देश आहे. कोशकाराने एकत्र केलेले व्यापाऱ्याने वेगळे ठेवले, कारण त्याला किंमत मोजावयाची होती. वापरणाऱ्याची दृष्टी अशीच नेमकी असते. ‘पदरमोड’ हा शब्द पदराच्या टोकाला पैसे बांधण्याची रीत सांगतो. ‘भिजत घोंगडे’ हा वाक्प्रचार ओल्या लोकरीचा अनुभव सांगतो. कोणत्याही लेण्यात ही माहिती कोरलेली नाही.

तेव्हा बोली व वापर हे वेशेतिहासाचे चौथे साधन मानले पाहिजे. ते नाशवंत आहे. लोहारा तालुक्यातील सास्तूर येथे 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपाने माणसांसह घरे गाडली. घरांबरोबर पेट्यांतील जुनी वस्त्रेही मातीखाली गेली. राजवस्त्रांना संग्रहालय मिळते. जुनेर मात्र फाटेपर्यंत वापरले जाते व मग त्याची गोधडी होते. अशा गावी वस्त्र उरले नसले तरी ते कसे पांघरीत, कशाला काय म्हणत, हे वृद्धांच्या स्मरणात उरते. ती नावे व त्या रीती टिपून घेण्याचे काम ग्रंथालयात बसून होणारे नाही. ते लांबणीवर टाकल्यास पुढील अभ्यासकाच्या हाती पाषाण आणि पर्यायशब्द एवढेच राहतील.