थंड राहिलेली भट्टी

लोखंडाचा कारखाना बंद पडला, की दोष यंत्राचा की माणसाचा? यान आफ येयरस्टाम यांचे 'लँडस्केप्स ऑफ टेक्नॉलॉजी ट्रान्सफर' (२००४) हे इंग्रजी पुस्तक तिसऱ्याच कारणाकडे बोट दाखवते. म्हणूनच ते आम्हाला महत्त्वाचे वाटते.

वाशीमहून अकोला-खांडव्यामार्गे इंदूरकडे जाणाऱ्या जुन्या मीटरगेज मार्गावर नर्मदा ओलांडली, की बडवाह लागते. १८६० साली इंग्रज सरकारने येथे लोणारी कोळशावर चालणारी झोतभट्टी उभारण्यासाठी नील्स मितांदर हा स्वीडिश तज्ज्ञ आणला. खनिज जवळ होते, जंगल होते. कारखाना उभाही राहिला. पण पूर्ण उत्पादन सुरू होण्याआधीच, १८६४ साली तो गुंडाळला गेला. कुमाऊंतील अशाच प्रयत्नाचीही तीच गत झाली. त्याच काळात देशभर रेल्वे पसरत होती. रूळ मात्र इंग्लंडहून येत होते.

सरकारचे धरसोडीचे धोरण नडले, हा लेखकाचा युक्तिवाद आम्हाला पटतो. झोतभट्टी म्हणजे चूल नव्हे. ती महिनोन्‌महिने अखंड चालली तरच परवडते, आणि त्यासाठी खात्रीचे गिऱ्हाईक लागते.

एक उणीव जाणवते. स्वीडिश तज्ज्ञांची पत्रे बोलकी आहेत. कोळसा पाडणारे, खनिज फोडणारे स्थानिक लोक मात्र बहुधा परक्यांच्या नजरेतूनच भेटतात.

कार्बन मोनॉक्साइडमुळे लोहखनिजाचे क्षपण होते, हे समीकरण आपण वर्गात शिकवतो. ते बडवाहलाही बरोबरच होते. मग भट्टी थंड का राहिली, हा प्रश्न शिक्षकांनी फळ्यावर त्या समीकरणाशेजारीच लिहावा.