विमान डावीकडे का ओढतं? घरगुती सिम्युलेटरमधल्या पंख्याच्या विमानांबद्दल

मागे आवाज पोहोचतोय ना? बरं.

आजच्या व्याख्यानाच्या पत्रकावर 'घरगुती सिम्युलेटरमधला खरेपणा' असं छापलंय. ते वाचून काही मंडळी ढग, डोंगर, पावसात चमकणारी धावपट्टी बघायला आली असतील. त्यांची आधीच माफी मागतो. मी आज पायांबद्दल बोलणार आहे.

घरी संगणकावर विमान उडवताना आपले पाय काय करत असतात? बहुतेकांचे टेबलाखाली एकावर एक टाकलेले असतात. (हशा) हसू नका, माझेही तसेच असायचे. विमान शिकायला पहिल्यांदा गेलो तेव्हा घरच्या सिम्युलेटरवरचे काही शे तास माझ्या गाठीशी होते आणि त्याचा थोडा माजही होता. छोटं सेसना, दोन सीटचं. थ्रॉटल पूर्ण पुढे केला, विमान डावीकडे जायला लागलं आणि मी हातातलं चाक उजवीकडे फिरवलं. मोटारीसारखं. विमानाला त्याचं काहीच वाटलं नाही, ते डावीकडे जातच राहिलं. शेजारून सरांनी उजवं पेडल दाबलं, विमान मधल्या रेषेवर आलं आणि ते शांतपणे म्हणाले, "पाय पेडलवर आहेत रे तुझे, पण झोपलेत."

घरी येऊन सेटिंग्ज उघडली, तर 'ऑटोरडर' या शब्दापुढे बरोबरची खूण. ही सोय ज्यांच्याकडे पेडल नाहीत त्यांच्यासाठी असते. ती जॉयस्टिकला रडर जोडून टाकते, त्यामुळे जमिनीवरही हात उजवीकडे नेला की विमान उजवीकडे वळतं. म्हणजे इतकी वर्षं मी सराव केला नव्हता असं नाही. सराव भरपूर केला होता, पण चुकीचा. माझी तक्रार त्या खुणेपासून सुरू होते, पण तिथे संपत नाही.

आधी थोडं विज्ञान. सेसनाचा पंखा वैमानिकाच्या जागेवरून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो. तो हवा नुसती मागे ढकलत नाही, तिला पीळही देतो. ती पीळदार हवा विमानाभोवती फिरत जाते आणि शेपटीच्या उभ्या पंखावर डाव्या बाजूनं आदळते. शेपूट उजवीकडे, म्हणून नाक डावीकडे. हे एक. दुसरं, इंजिन पंख्याला उजवीकडे फिरवतं, तेव्हा विमानाला डावीकडे कलंडवण्याचा प्रयत्न होतोच. जमिनीवर असताना त्याचा भार डाव्या चाकावर जास्त पडतो. तिसरं, नाक वर करून चढताना पंख्याचं उजवीकडून खाली येणारं पातं हवेचा मोठा घास घेतं आणि डावीकडून वर जाणारं लहान. ओढ उजवीकडे सरकते, नाक पुन्हा डावीकडे. चौथं भोवऱ्याचं. फिरत्या भोवऱ्याला एका बाजूनं ढकललं की तो काटकोनात वळतो. शेपटीखाली चाक असलेल्या विमानात धावताना शेपूट उचलली की नाक डावीकडे झटका घेतं, तो त्यामुळे. सेसनासारख्या पुढे चाक असलेल्या विमानात हा भाग फारसा जाणवत नाही.

आता खरा मुद्दा. या चारही गोष्टी एकाच वेळी, एकाच जोरानं कधीच नसतात. धाव सुरू होते तेव्हा वेग कमी, ताकद पूर्ण, म्हणून पिळाचा जोर सगळ्यात जास्त आणि रडरमध्ये दम कमी. पाय बराच आत जातो. वेग वाढला की पीळ लांबट होतो, रडर जिवंत होतं, पाय थोडा मागे येतो. नाक उचललं की पात्यांच्या घासाचा फरक सुरू होतो आणि पाय पुन्हा आत जातो. सत्तर-पंचाहत्तर नॉटला चढत असताना तो तिथेच राहतो. सरळ उड्डाणात पाय सैल सोडता येतात, कारण बनवणाऱ्यांनी विमान त्या वेगासाठीच जुळवलेलं असतं. सेसना 172च्या रडरवर एक छोटी पत्र्याची पट्टी असते, ती जमिनीवर हातानं वाकवून हे जुळवतात. आणि थ्रॉटल मागे ओढून उतरायला लागलं की पीळ जातो, पण ती पट्टी तशीच वाकलेली असते. तेव्हा किंचित डावा पाय लागतो. एका फेरीत पायाची एवढी कथा होते. चांगल्या सिम्युलेटरमध्ये ती पूर्ण कथा असते. वाईट सिम्युलेटरमध्ये 'डावीकडे ओढतं' एवढं एकच वाक्य असतं.

तुमच्यापैकी ज्यांनी 2006चा फ्लाइट सिम्युलेटर एक्स वापरलाय त्यांना 'रिअ‍ॅलिझम' नावाचा पडदा आठवत असेल. तिथे सरकपट्ट्या होत्या: पी-फॅक्टर, टॉर्क, जायरो. जेवणाच्या ताटात मीठ, लिंबू, चटणी वाढावी तशा. एवढं उजवीकडे सरकवलं की एवढा खरेपणा. मला त्या सरकपट्ट्यांचा राग आहे, आणि तो सोय दिली म्हणून नाही. नवशिक्याला सोय द्यावीच. राग यासाठी की त्यांनी एका अख्ख्या पिढीला शिकवलं, की हे परिणाम विमानावर वरून भुरभुरलेले त्रास आहेत आणि ते बंद केले की खाली 'मूळ' विमान उरतं. असं मूळ विमान नसतं. ज्या हवेनं विमान पुढे जातं तीच हवा शेपटीवर आदळते. पंखा हवा आणि पीळ नको, म्हणजे पाऊस हवा आणि चिखल नको.

विमानाच्या फाइल्समध्येही तेच होतं. एका साध्या मजकुराच्या फाइलीत या प्रत्येक परिणामापुढे एक आकडा. 1 म्हणजे नेहमीचा, 2 म्हणजे दुप्पट. विमान फार सोपं वाटतं अशी तक्रार आली की आकडा वाढवायचा. यातून एक गैरसमज तयार झाला तो आजतागायत टिकून आहे: जितकं अवघड तितकं खरं. लोक अभिमानानं सांगतात, "या विमानात टेकऑफच करता येत नाही, इतकं रिअल आहे!" (हशा) अहो, सेसना 172वर कित्येक विद्यार्थी शिकतात. ते क्षमाशील विमान आहे, म्हणूनच तर शिकवायला घेतात. पडद्यावरचं 172 धावपट्टीवरून गवतात उडी मारत असेल तर तो खरेपणा नव्हे, तो आकडा चुकलाय.

एक्स-प्लेनची वाट वेगळी. ऑस्टिन मायर यांनी सुरुवातीपासून पंख आणि पंख्याची पाती छोट्या तुकड्यांत वाटून प्रत्येक तुकड्यावरचं बल काढण्याची पद्धत धरली. ही पद्धत मला मनापासून पटते, कारण तिथे पात्यांच्या घासाचा फरक वेगळा वाढावा लागत नाही, तो हिशोबातूनच येतो. पण पंख्याच्या मागची हवा शेपटीपर्यंत पोहोचताना काय होते, हे त्या तुकड्यांच्या हिशोबात आपोआप येत नाही. ते स्वतंत्रपणे बसवावं लागतं. एक्स-प्लेन डावीकडे जरा जास्तच ओढतं, ही तक्रार म्हणूनच जुनी आहे. मायक्रोसॉफ्टच्या 2020च्या आवृत्तीतही, जी बोर्दोच्या असोबो स्टुडिओनं केली, सुरुवातीला सगळ्यांचे डोळे जमिनीच्या चित्रांवर खिळले होते. पंख्याच्या हवेकडे नंतरच्या सुधारणांमध्ये लक्ष गेलं. अनुक्रम बघा, आधी डोळे, मग पाय. ए2ए या कंपनीनं 2023मध्ये कोमांची 250 हे विमान आणलं तेव्हा मूळ कार्यक्रमाच्या गणितावर विसंबून न राहता बराचसा हिशोब स्वतःचा चालवला, यातच सगळं आलं.

माझी एक आवडती परीक्षा सांगतो. स्पिटफायर घ्या. सुरुवातीच्या स्पिटफायरमध्ये मर्लिन इंजिन, पंखा उजवीकडे फिरणारा, विमान डावीकडे ओढणारं. नंतरच्यांत ग्रिफन इंजिन आलं, ते उलट फिरतं, आणि विमान उजवीकडे ओढायला लागलं. वर्षभर उजवा पाय दाबण्याची सवय असलेल्या वैमानिकाला एके दिवशी डावा दाबायचा! सिम्युलेटरमध्ये पंख्याची दिशा उलटी केली, तर बाकी सगळं आपोआप उलटं होतं का? झालं, तर कार्यक्रमाला कारण माहीत आहे. नाही झालं, तर त्याला फक्त लक्षण पाठ आहे.

डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमधली पी-51 मस्टँग या परीक्षेत मला फार आवडते. 2012पासून आहे. खऱ्या मस्टँगमध्ये टेकऑफच्या आधी रडरचं ट्रिम पाच-सहा अंश उजवीकडे ठेवतात. दांडा मागे धरला की शेपटीचं चाक जखडलेलं राहतं, पूर्ण पुढे ढकलला की मोकळं सुटतं. हे इथे आहे, आणि नुसतं पुस्तकात आहे म्हणून नाही, त्यामागचं कारण हाताला कळतं. थ्रॉटल सावकाश दिला तर विमान ऐकतं, एकदम दिला तर शिक्षा होते. अवघड आहे, पण अवघडपणाचं कारण सापडतं. पुढच्या वेळी आपण सुधारतो. मला सिम्युलेटरकडून एवढंच हवं असतं, माझी चूक मला शोधता यावी.

आता दोष सगळा कार्यक्रमावर टाकू नये, कारण मधे एक स्प्रिंग आहे. आपल्या टेबलावरच्या जॉयस्टिकमधली. खऱ्या विमानात वेग वाढला की दांडा जड होतो, वेग कमी झाला की ढिला पडतो. उतरताना थ्रॉटल बंद केला, शेपटीवरची पंख्याची हवा गेली, की दांडा हातात मऊ लागतो. ती मऊपणाची बातमी फार महत्त्वाची असते. घरची स्प्रिंग चाळीस नॉटलाही तीच आणि शंभरलाही तीच. ट्रिमची तर पार उलटापालट. खऱ्या विमानात आधी दांडा हव्या त्या जागी धरतात, मग ट्रिम फिरवून हातावरचा जोर नाहीसा करतात, दांडा जागचा हलत नाही. घरी ट्रिम फिरवत जावं तसा दांडा मध्यावर परत आणावा लागतो, आणि त्या खटाटोपात विमान वरखाली डोलतं. मग लोक म्हणतात, फ्लाइट मॉडेल वाईट आहे. कधीकधी मॉडेल चांगलं असतं, स्प्रिंग खोटी असते.

आणि बुडाचा प्रश्न आहेच. (हशा) खरंच सांगतो. विमान घसरत वळत असेल तर खुर्चीत आपण एका बाजूला सरकतो, ते आधी बुडाला कळतं, मग डोळ्याला. घरी फक्त तो काचेच्या नळीतला काळा चेंडू. या कार्यक्रमांचा पूर्वज म्हणजे एडविन लिंक यांचा 1929चा लिंक ट्रेनर. घरचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना, म्हणून त्यातले भाते वापरून हलणारं छोटं विमान त्यांनी केलं. अमेरिकी लष्करानं 1934मध्ये ते घेतलं ते ढगात, यंत्रांवर बघून उडायला शिकवण्यासाठी. म्हणजे 'बुडावर विश्वास ठेवू नका' हे शिकवण्यासाठीच! घरचे सिम्युलेटर त्याच घराण्यातले आहेत. यंत्रं वाचायला ते उत्तम शिकवतात. मी स्वतः त्यांचा त्यासाठी ऋणी आहे. पण पाय त्या घराण्यात कधी शिकलेच नाहीत.

कुणी म्हणेल, खेळ आहे, एवढं काय? ज्याला संध्याकाळी तासभर डोंगरांवरून फिरायचंय त्यानं खुशाल ऑटोरडर ठेवावं. माझा प्रश्न त्या मुला-मुलींचा आहे, जे घरी सराव करून मग खऱ्या विमानात बसतात. त्यांच्यासाठी एक प्रसंग सांगतो. उतरताय, वेग कमी, फ्लॅप पूर्ण खाली, नाक वर राहील असं ट्रिम लावलेलं. धावपट्टीवर अचानक काहीतरी दिसतं आणि पुन्हा वर जायचं ठरतं. थ्रॉटल पूर्ण. त्या क्षणी नाक स्वतःहून वर उठतं आणि डावीकडे वळतं, दोन्ही एकदम. दांडा पुढे ढकलायला हवा आणि उजवा पाय आत जायला हवा, विचार करायच्या आधी. पाय झोपलेला असेल, आणि वर डाव्या बाजूला कललेला पंख हातानं सावरायला गेलात, तर तोच पंख आधी स्टॉल होऊ शकतो. खाली शे-दोनशे फूट असतात, गिरकीतून सावरायला ते पुरत नाहीत. ज्या सिम्युलेटरनं हजार वेळा हा प्रसंग पायाशिवाय पार पाडून दिला, त्यानं त्या मुलाला तटस्थ ठेवलेलं नाही. त्याला शिकवलंय.

म्हणून कंपन्यांकडे माझी मागणी लहान आहे. ऑटोरडर ठेवा, पण ते चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात दिसू द्या, की आत्ता तुमच्याऐवजी पाय आम्ही दाबतोय, आणि एवढा दाबतोय. बस.

चला, आता करूनच बघू. संगणक सुरू आहे, सेसना 172 धावपट्टीवर उभं आहे, वारा शून्य, ऑटोरडर बंद. खाली पेडल जोडलेत. कोण येतंय? तू ये, हो, तूच, मघापासून मान हलवतोयस. बूट काढून बस, म्हणजे पेडल नीट कळेल. थ्रॉटल मी देतो. बाकीच्यांनी विमानाकडे बघू नका, त्या चेंडूकडे बघा. चढताना तो उजवीकडे पळेल, आणि वर गेल्यावर मी थ्रॉटल बंद करीन तेव्हा जरासा डावीकडे यायला हवा. येतो का ते बघू. तयार? हात मांडीवर ठेव. फक्त पाय.