पातं गेल्यावर उरतं ते

दाढीच्या क्रीमबद्दल लिहायला बसलं की माणूस फेसापासून सुरुवात करतो, कारण डोळ्यांत भरतो तो फेस. मला आधी सांगायचंय ते फेस गेल्यानंतरचं. गालावरून पातं एकदा फिरलं, पांढरा फेस त्याच्याबरोबर निघून गेला, की उघड्या पडलेल्या कातडीवर एक ओलसर, बुळबुळीत थर मागे राहतो. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळतो. क्रीम चांगली की वाईट हे मी त्या थरावरून ठरवतो.

ही कसोटी मला बाबांनी शिकवली. मुद्दाम नव्हे, त्यांच्या वयाने शिकवली. बाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. हात थरथरायला लागल्यापासून बुधवारी आणि रविवारी त्यांची दाढी मी करतो. मशीन त्यांना नको असतं, कातडी ओढली जाते म्हणतात. म्हणून आमचा जुना सरंजाम अजून चालू आहे : ब्रश, वाटी, सेफ्टी रेझर आणि तुरटीचा खडा. तरुण गालावर पातं एका हातात काम उरकतं. म्हाताऱ्या गालावर तसं होत नाही. कातडी सैल असते, बोटांनी ताणून धरली तरी जबड्याखाली वळी पडतेच, आणि वळीतले खुंट काढायला पातं त्याच जागेवरून पुन्हा न्यावं लागतं. दर वेळी नव्याने फेस लावायचा तर बाबा मान वर करून दमतात. अशा वेळी कामाला येतो तो मागे उरलेला थर.

भाची फ्लॉरेन्सला शिकायला आहे. सुट्टीत येताना तिने माझ्यासाठी प्रोरासोची हिरवी ट्यूब आणली, 150 मिलीची. प्रोरासो मूळची तिथलीच. लुदोविको मार्तेल्ली यांनी 1908 साली फ्लॉरेन्समध्ये सुरू केलेली ही कंपनी, आणि इटलीतल्या न्हाव्यांच्या दुकानांत हा हिरवा रंग पिढ्यान्‌पिढ्या दिसत आला आहे. लाल आणि पांढऱ्या ट्यूबाही असतात. लालमध्ये चंदनाचा वास, पांढरीत ग्रीन टी आणि ओट, नाजूक कातडीसाठी. माझ्या वाट्याला आली ती हिरवी, निलगिरी आणि मेंथॉलची.

कवितेचं रसग्रहण करताना आपण शब्द पाहतो, तसा मी आधी ट्यूबच्या पाठीवरचा मजकूर पाहिला. युरोपात नियम असा आहे की घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे, म्हणजे यादीचा क्रमही काही सांगत असतो. पाणी, मग स्टिअरिक आम्ल, मग कोकोस न्युसिफेरा. लॅटिन नावापाशी क्षणभर थांबलो. हा तर आपला नारळ! फ्लॉरेन्सच्या ट्यूबमध्ये तिसऱ्या क्रमांकावर खोबरेल तेल बसलं होतं. पुढे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, ग्लिसरीन, निलगिरीचं तेल, मेंथॉल. महत्त्वाची मंडळी एवढीच.

या छोट्या यादीत क्रीमचा सगळा स्वभाव आहे. आम्ल आणि अल्कली एकत्र आले की साबण होतो. अल्कली सोडियमची असेल तर साबण कडक, वडीचा. पोटॅशियमची असेल तर मऊ, बोटाने उचलता येईल असा. म्हणून ही ट्यूबमधून निघते आणि बाबांचा गोदरेजचा गोल साबण वाटीत घट्ट बसायचा. खोबरेल तेलातलं निम्म्याच्या आसपास आम्ल लॉरिक असतं, बारा कार्बनांची आखूड साखळी. त्याचा साबण झटकन फेसाळतो, मोठे बुडबुडे देतो आणि तितक्याच झटकन बसतो. स्टिअरिक आम्लाची साखळी अठरा कार्बनांची. त्याचा फेस उशिरा उठतो, पण बारीक विणीचा आणि टिकाऊ. एक द्रुत, एक विलंबित. नुसता द्रुत असेल तर डावा गाल होईपर्यंत उजव्या गालावरचा फेस सुकतो. नुसता विलंबित असेल तर ब्रश फिरवून मनगट दुखतं. स्टिअरिक आधी आणि खोबरेल मागाहून हा क्रम ज्याने लावला, त्याला कुठल्या लयीने किती वेळ बोलायचं हे कळत होतं.

पहिल्या दिवशी मात्र माझी बैठक बसली नाही. क्रीम वाटीत घेतली, ब्रश भिजवून फिरवला, फेस आलासा वाटला आणि दोन मिनिटांत दह्याच्या कण्यांसारखा फुटला. गालावर लावला तर पापुद्रे. क्षणभर क्रीमवरच राग आला. मग उमगलं की तो आमच्या टाकीतल्या पाण्याचा गुण होता. उन्हाळ्यात आमच्याकडे बोअरचं पाणी येतं. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणायचे, आणि हा शब्द मला फार आवडतो, कारण तो पाण्याची क्षारांवरून नव्हे, फेसावरून पारख करतो. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला पकडतं आणि त्याचा न विरघळणारा साका करतं. फेस व्हायला निघालेला साबण साक्यातच खर्ची पडतो. गोदरेजच्या वेळी मी नकळत जास्तीचा साबण घासून हे भरून काढत होतो. मोजून घेतलेल्या क्रीमला ती सवलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं पाणी कोमट केलं. माझा ब्रश डुकराच्या केसांचा आहे, अकरा वर्षांचा. डुकराचा केस आधी ताठ असतो. वापरता वापरता त्याची टोकं फुटतात आणि गालाला मऊ लागतात, पण वापरायच्या आधी त्याला पाच मिनिटं भिजवावंच लागतं, नाहीतर तो फेसातलं पाणी स्वतः पिऊन टाकतो. ब्रश भिजवला, दोनदा झटकला. सोललेल्या बदामाएवढी क्रीम वाटीत घेतली. पांढऱ्या क्रीमवर मोत्यासारखी झाक होती. या जातीच्या क्रीममध्ये स्टिअरिक आम्ल मुद्दाम थोडं जास्त ठेवतात. जेवढं अल्कलीत मुरत नाही तेवढ्याचे बारीक पापुद्र्यांसारखे स्फटिक होतात, आणि उजेड त्यांच्यावरून परततो.

ब्रश फिरवायला घेतला. पहिलं अर्धं मिनिट फेस नव्हताच, नुसती चिकट पेस्ट ब्रशच्या मुळाशी जात होती. हा टप्पा घाईचा माणूस चुकतो. त्याला वाटतं पाणी कमी पडलं, आणि तो एकदम ओततो. मी बोटाच्या टोकावरून एक थेंब टाकला, वीस-पंचवीस फेरे दिले. मग दुसरा थेंब, पुन्हा फेरे. चौथ्या थेंबाला वाटीतला आवाज बदलला. आधी चुरचुर होती, बुडबुडे फुटण्याची. ती थांबली. आता ब्रश फिरताना जवळजवळ काही ऐकूच येत नव्हतं. सातव्या-आठव्या थेंबाला फेसावर चकाकी आली, ओल्या चुन्यावर असते तशी, आणि ब्रश उचलल्यावर जे टोक वर आलं ते ताठ न राहता किंचित वाकलं. ताठ उभा राहणारा फेस देखणा असतो, जाहिरातींत तोच दिसतो. पण त्यात हवा जास्त आणि पाणी कमी असतं. वाकणाऱ्या टोकात पाणी आहे, आणि दाढीला पाणीच लागतं. केस दोन-तीन मिनिटांत पाणी पिऊन फुगतो, मऊ होतो, आणि मग तो कापायला फार कमी जोर लागतो. फेसाचं मुख्य काम हे पाणी गालावर धरून ठेवणं.

या क्रीमचा मोठेपणा मला इथे जाणवला. आठवा थेंब, नववा, अकरावा. ती पाणी घेत राहिली आणि पातळ झाली नाही. बहुतेक क्रीम एका थेंबाच्या चुकीने ओघळायला लागतात. हिच्यात चुकायला जागा होती.

मग वास. ज्यांना दाढीनंतर अत्तरासारखं काही हवं असतं त्यांची निराशा होईल. उघड्या खिडकीतून येतो तसा हा वास येतो आणि पंधरा मिनिटांत जातो. आपल्या घरात निलगिरी म्हणजे सर्दी, रुमालावरचे दोन थेंब, गरम पाण्याचा वाफारा आणि डोक्यावर पांघरलेला टॉवेल. फ्लॉरेन्सच्या न्हाव्याच्या दुकानात हाच वास स्वच्छतेचा असेल. मला त्यात दोन्ही मिळतं, आणि तो गालावर रेंगाळत नाही हे मला त्याचं सौजन्य वाटतं.

मेंथॉलबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहायला हवं. फेस कोमट होता, गालाला कोमटच लागला. वीस सेकंदांनी त्याच कोमट फेसाखालून गारवा वर यायला लागला. पाणी थंड झालं नव्हतं, कातडीचं तापमान उतरलं नव्हतं. मेंथॉल कातडीतल्या मज्जातंतूंच्या त्या दाराला हात घालतं जे एरवी थंडीने उघडतं, आणि मेंदूला थंडीचा निरोप जातो. हे दार डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे शोधलं ते मेंथॉल वापरूनच. तापमान आणि स्पर्श शरीराला कसे कळतात या शोधांसाठी 2021 चं वैद्यकाचं नोबेल दोघांना मिळालं. मला हे वाचून माहीत होतं. पण ऊब आणि गारवा एकाच गालावर एकाच वेळी, एक दुसऱ्याला न पुसता, नांदताना अनुभवणं वेगळंच. आणि नैसर्गिक मेंथॉल जगात सगळ्यात जास्त आपल्या देशात निघतं, उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या बाजूला त्याच्या पुदिन्याची शेतंच्या शेतं आहेत, हेही त्या सकाळी आठवत राहिलं.

पहिला हात केसांच्या वळणाने. रेझरला दाब द्यायचा नाही, त्याचं वजन पुरतं. दुसरा हात आडवा. सलूनमध्ये विचारतात तसा उलटा हात मी फक्त गालांवर मारला. आणि दर हातानंतर बोट फिरवून पाहिलं. थर होता. पहिल्या हातानंतर होता, दुसऱ्यानंतरही होता, पाण्याचा एक शिपका दिला की पुन्हा जिवंत होत होता. साबणाचा तो पातळ पदर आणि पाणी धरून ठेवणारं ग्लिसरीन, दोघं मिळून पात्याला वाट करून देत होते. शेवटी तुरटी फिरवली. तुरटी खोटं बोलत नाही, जिथे पातं लागलं असेल तिथे चुणचुणतेच. त्या दिवशी ती डाव्या जबड्याच्या कोपऱ्यापाशी तेवढी बोलली.

रविवारी बाबा. धास्ती एकच होती, हा गारवा त्यांच्या पातळ कातडीला सोसेल का. आदल्या दिवशी त्यांच्या मनगटावर थोडा फेस लावून पाहिला होता, लाली आली नव्हती. गॅलरीत खुर्ची टाकली, गळ्याला टॉवेल बांधला, गरम पाण्याच्या फडक्याने गाल शेकले आणि ब्रश गोल गोल फिरवत फेस लावला. बाबांनी डोळे मिटले.

"गार लागतंय रे," ते म्हणाले.

"पुसून काढू का?"

"नको. बरं वाटतंय. तुझ्या आजीनं लावलेलं निलगिरीचं तेल आठवलं."

मी एक हात पुरा केला. कल्ल्यांपासून खाली, मग हनुवटी, मग गळ्याची घाटी, जिथे मी श्वास रोखून धरतो. रेझर धुतला, फडकं पिळायला वळलो. बाबांनी मिटल्या डोळ्यांनीच हात वर आणला. हात थरथरत होता, तरी बोटांची उलटी बाजू त्यांनी गालावरून खालून वर नेली, सत्तर वर्षांच्या सवयीने, केसांच्या उलट. जबड्याखालच्या वळीपाशी बोटं थांबली.

"इथं राहिलंय."

वाटीतला फेस संपला होता. मी दोन बोटं पाण्यात बुडवून त्या जागेवर टेकवली. बोटं घसरली. अंगठ्याने वळी ताणून धरली आणि कोरड्या दिसणाऱ्या त्या कातडीवर पातं टेकवलं. ते अडलं नाही. बाबांची पापणीही हलली नाही.