मोख्याची कॉफी, अमेरिकेची गोष्ट

डेव्ह एगर्स या अमेरिकन लेखकाचे ‘द मंक ऑफ मोखा’ हे पुस्तक २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या शीर्षकापाशीच आपल्यासारखा वाचक अडखळतो. मोखा हे येमेनचे तांबड्या समुद्रावरचे जुने बंदर. पंधराव्या शतकाच्या आरंभी तेथे राहिलेले शेख अली इब्न उमर शाजली यांच्याशी परंपरा कॉफीचा उगम जोडते. रात्रीच्या जिक्रमध्ये झोप येऊ नये म्हणून सूफी मंडळी कहवा पीत. या शेखांना एगर्स ‘मंक’ म्हणतात. इस्लामने संन्यास मान्य केला नाही आणि सूफी संसारातच राहत आले, हे आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही. इंग्रजी वाचकाला ओळखीचा वाटावा म्हणून शेखाचा मठवासी झाला. या पुस्तकात पुढेही बऱ्याच गोष्टी अशाच ओळखीच्या करून दिल्या आहेत.

हे खऱ्या माणसाचे चरित्र आहे. मुख्तार अलखन्शाली हा येमेनी आईबापांचा मुलगा सॅन फ्रान्सिस्कोच्या टेंडरलॉइन या गरीब वस्तीत वाढला. शिक्षण अर्धवट राहिलेले, डोक्यावर कर्ज, आणि नोकरी एका श्रीमंतांच्या इमारतीत दरवाजा उघडून देण्याची. रस्त्याच्या पलीकडे एका जुन्या कॉफी कंपनीच्या आवारात पुतळा आहे. लांब झगा घातलेला माणूस पेला तोंडाला लावतो आहे. रोज समोर असलेला हा पुतळा मुख्तारला उशिराच दिसला आणि आपल्या वाडवडिलांचा हा धंदा होता, हे त्याला उमगले. हा प्रसंग एगर्सनी फार चांगला लिहिला आहे.

पुस्तकाचा मधला भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. जगाला कॉफीचा व्यापार येमेनने शिकवला. पुढे डच लोकांनी रोपे जावाला नेली आणि मोख्याची मक्तेदारी संपली. अलीकडच्या काळात तर डोंगरउतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांतून कॉफी उपटून कात लावली गेली. कातची पाने चघळून नशा येते, ती रोज विकली जातात आणि रोख पैसा हाती येतो. कॉफीला वर्षभर थांबायचे आणि शेवटी दलाल सांगेल तो भाव घ्यायचा. शेतकऱ्याने काय करावे? मुख्तार त्यांना सांगतो की फक्त पिकलेली लाल फळेच तोडा, कच्ची मिसळू नका, मी जास्त भाव देतो. कॉफीची चव पारखण्याची परीक्षा देऊन तो ‘क्यू ग्रेडर’ होतो. पहिल्या खेपेला आणलेल्या नमुन्यांपैकी मोजकेच उत्तम निघतात, पण तेवढ्यावरच धंदा उभा राहतो. सनाच्या कारखान्यात बायका एकेक दाणा निवडतात. ही पाने वाचताना विदर्भातला कापूस आणि नाशिकचा कांदा आठवल्याशिवाय राहत नाही.

मग युद्ध येते. सप्टेंबर २०१४ मध्ये हुथींनी सना घेतले. २६ मार्च २०१५ रोजी सौदी नेतृत्वाखालील आघाडीचे बॉम्बहल्ले सुरू झाले, तेव्हा मुख्तार सनातच होता. अमेरिकेने वकिलात आधीच बंद केली होती आणि आपल्या नागरिकांना आणण्यासाठी विमान पाठवले नाही. त्याच दिवसांत भारताने ‘ऑपरेशन राहत’मध्ये ४,६०० हून अधिक भारतीय आणि ४१ देशांचे ९०० हून अधिक नागरिक बाहेर काढले. त्यासाठी मुंबईहून युद्धनौकाही निघाल्या होत्या. मुख्तार मात्र वाटेत पकडला जाऊन सुटतो, नमुन्यांची सुटकेस घेऊन मोख्याहून छोट्या होडीने जिबूतीला पोहोचतो आणि सिएटलचे कॉफी संमेलन गाठतो.

हा भाग श्वास रोखून वाचला जातो, आणि माझी तक्रारही येथेच आहे. युद्ध नायकाच्या वाटेतला अडथळा होऊन येते. बॉम्ब ज्यांच्या घरांवर पडले ते शेतकरी आणि दाणे निवडणाऱ्या त्या बायका मुख्तार निघाला की पानांवरून निघून जातात. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२१ अखेर या युद्धाने ३ लाख ७७ हजार जीव घेतले. त्यांतले बहुतेक उपासमार आणि रोगराईने गेले. अमेरिकन शस्त्रे या युद्धात होती. मुसलमान मुलाने अमेरिकेत कष्टाने यश मिळवले, ही गोष्ट अमेरिकन वाचकाला हवीशी वाटते. तिच्यात शस्त्रांचा हिशेब नीट बसत नाही. ‘झैतून’ (२००९) या आधीच्या पुस्तकातही एगर्सनी असाच सज्जन, कष्टाळू अरब निवडला होता. सज्जन नसलेल्या मुसलमानालाही न्याय हवा असतो, एवढे मात्र राहून जाते.

तरी एगर्सवर सगळा दोष टाकणे मला पटत नाही. त्यांनी काही वर्षे मुख्तारचे ऐकून घेतले, हेही थोडे नाही. आपल्याकडे बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात मोख्याहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरावर लावल्या, अशी कथा आहे. त्या दर्ग्याच्या वादाच्या बातम्या आपण अनेक वर्षे वाचतो आहोत. त्या बियांवर, तेथल्या मळ्यांतल्या मजुरांवर मराठीत कादंबरी लिहावी असे आपल्यातल्या कुणाला वाटले का?

२०१६ मध्ये मुख्तारची कॉफी अमेरिकेत सोळा डॉलरला एक कप विकली गेली, सोबत त्याच्या आईच्या पद्धतीचे वेलचीचे बिस्किट. दाणा गेल्यावर उरलेल्या सालींचा ‘किशर’ आले घालून उकळतात. येमेनमध्ये घरोघरी तोच पितात.